ड्रम भरलेलेच उतरले होते

ते पाणी मी घालवलं. हमालांनी नाही.

लातूरला आम्ही घर बदललं त्या उन्हाळ्यात आमच्या तीन ड्रमांतलं पाणी नाहीसं झालं आणि त्याचा आळ सामान हलवणाऱ्या माणसांवर गेला, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ते पाणी माझ्या हातानं कुठं गेलं, हे मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आई होती तोवर आईला नाही. आणि ज्याच्यावर आळ आला त्या मुकादमाला तर नाहीच. मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला स्वभाव म्हणतात. मीही तेच म्हणत आलो, कारण ते सोयीचं होतं.

आता सांगतो. पण आधी त्या माणसांबद्दल सांगू द्या. माझी चूक दुपारच्या एका तासाची होती. त्यांचं काम त्या मानानं फार मोठं होतं, आणि त्या चुकीच्या गोंगाटात ते कोणाला ऐकूच गेलं नाही.

आम्ही जिथं राहायला चाललो होतो ती कॉलनी जुनी. प्लॉट पाडले तेव्हा गावाबाहेर होती म्हणे; आता गाव तिला मागं टाकून केव्हाच पुढं गेलंय. घराघरापुढं कडुलिंब नाहीतर बदाम, फाटकावर आईबापांची नावं, आणि गल्ली अशी की मोठा ट्रक आत आला तर मागंच जाईल, वळणार नाही. अशा कॉलनीत पैसे असले की घर विकत घेता येतं. पण त्या घरात दूध कोणी घालायचं, धुणंभांडं कोणी करायचं, नळ कोणी दुरुस्त करायचा आणि सामान कोणी उतरवायचं हे आपण ठरवत नाही. ते कॉलनी ठरवते. आमच्या गल्लीत ते मोठ्या बाई ठरवत. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गल्लीतल्या निम्म्या सुना त्यांच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळं त्या बोलल्या की सासवासुद्धा ऐकत.

घराचा व्यवहार झाल्यावर माझी बायको त्यांना भेटायला गेली, तेव्हा त्यांनी चहाच्या आधी सांगितलं, "सामानाला आमचाच माणूस बोलवा. बाहेरचा नको. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांचं त्यानंच आणलंय, त्यानंच नेलंय. माझ्या शब्दावर बिनधास्त घर उघडं टाका त्याच्यापुढं."

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, त्या माणसाचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालला होता. त्याचं कुठं दुकान नव्हतं, पाटी नव्हती. एका घरानं दुसऱ्या घराला सांगायचं, एवढंच.

तो आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या भाड्याच्या घरी आला. रेणापूरकडचा, पन्नाशीच्या अलीकडचा, रुंद पाठ, डोक्याला मळकट टॉवेल. आडत बाजारात तुरीची, सोयाबीनची पोती वाहायचा. आवक कमी झाली की घरं हलवायचा. आल्या आल्या त्यानं सामान बघितलंच नाही. आधी दारं बघितली. प्रत्येक चौकटीत उभं राहून दोन्ही हात पसरले, जिन्याच्या वळणावर बसून वर बघितलं, मग खाली येऊन बघितलं. आणि बोलणं चालूच. नम्र वगैरे अजिबात नव्हता. स्वतःची तारीफ करताना तो थांबायचा नाही.

"लातुरात माझ्या हातून काच फुटलेली दाखवा ताई, मिशी काढतो."

"मिशी आहे कुठं तुम्हाला?" बायको म्हणाली.

"तेच की. एकदा काढायची पाळी आली, पुन्हा ठिवलीच न्हाई."

आई खाटेवरून हसली. तिला तो तिथंच आवडला. बायकोनं विचारलं, लोखंडी कपाट रिकामं करून ठेवू का?

"कशाला? साड्या ऱ्हाऊ द्या. साडीचा काय बोजा असतो? सोनंनाणं तेवढं काढून घ्या, उगं माझ्यावर यायला नको."

"माझ्या लग्नातलं आहे ते," आई म्हणाली. "वाकवून ठेवशील."

"माय, तुमच्या लग्नातलं हाय म्हणूनच सांगायलो. नवं असतं तर मीच म्हनलो असतो, आधी रिकामं करा, पत्रा वाकतो. हे वाकत न्हाई. हे तुमच्यासारखं हाय."

मग त्यानं विचारलं, "पानी हाय का न्यायचं?"

तो उन्हाळा कसला होता हे लातूरकराला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच की नळाला पाणी येणं बंद झालं होतं, टँकरमागं माणसं पळत होती, आणि शेवटी रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं. लोक ड्रमला कुलूप लावून झोपत. बायकोनं आणि आईनं मिळून नव्या घरासाठी तीन ड्रम भरून ठेवले होते. टँकरच्या रांगेत एक उभी, दारात कळशी घेऊन एक. त्या पाण्यासाठी आम्ही कितीतरी आंघोळी बुडवल्या होत्या. एरवी घर बदलताना लोक आधी देव नेतात. आम्ही पाणी नेणार होतो.

"मग आधी पानी," मुकादम म्हणाला. "बाकीचं काय, परवाबी जाईल."

सकाळी ते चौघं आले. मुकादम, दोघे सख्खे भाऊ, आणि टेम्पोवाला, जो फक्त टेम्पो चालवायचा आणि बाकीच्यांना सल्ले द्यायचा. बाजारात पोतं ओढायला लोखंडी आकडा असतो तो कोणाच्याच हातात नव्हता. मी विचारलं तर मुकादम म्हणाला, "आकडा घरी ठिवून येतो आमी. पोत्याला चालतो, घराला न्हाई."

भरलेला ड्रम हलवायचा म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटलं चौघं मिळून उचलतील. त्यांनी आधी आमच्या दारातल्या कडुलिंबाच्या चार डहाळ्या तोडल्या, धुतल्या आणि प्रत्येक ड्रमात पाण्यावर सोडल्या. डहाळ्या तरंगत राहतात आणि पाणी हिंदकळत नाही. शेतात बैलगाडीवर पाण्याची टाकी नेताना असंच करतात. मग वरून प्लॅस्टिकचा कागद, आणि त्याच्याभोवती सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली. ड्रम तिरपा केला आणि दोघे भाऊ तो काठावर फिरवत, जणू एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून चालवतात तसे दारापर्यंत घेऊन गेले. उंबऱ्यावर पोत्याची घडी. टेम्पोला फळी लावलेली. मुकादम पुढून एकच शब्द म्हणत होता, "हल्लू. हल्लू. हल्लू." आमच्याकडे हळूला असंच म्हणतात, पण त्याच्या तोंडी तो शब्द कसलीतरी समजूत घातल्यासारखा वाटायचा, आणि ड्रम ऐकायचा.

टेम्पो इतका सावकाश निघाला की मागचे स्कूटरवाले शिव्या देत पुढं गेले. मी मागून मोटारसायकलवर होतो. नव्या घरी उतरल्यावर मुकादमानं टेम्पोच्या तळावरून हात फिरवला आणि मला तळवा दाखवला.

"बगा साहेब. कोरडा. एक थेंब न्हाई सांडला."

हे तो त्या दिवशी मला, बायकोला, मोठ्या बाईंना, समोरच्या घरातल्या आजोबांना आणि गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला सांगत होता. ते ड्रम भरलेलेच उतरले होते. मागच्या अंगणात, हौदाशेजारी, सावलीच्या बाजूला. मी तिथं उभा होतो. धाकट्या भावाचे गुडघे थरथरताना मी पाहिले होते.

सकाळी ड्रम निघण्याआधी जुन्या घरी, आणि नंतर दिवसभर नव्या घरी, मी त्यांचं काम बघत राहिलो. मला दुसरं कामच नव्हतं. बायको माझ्या कामसूपणाला ओळखून होती, तिनं सकाळीच सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "तुम्ही कशाला हात लावू नका. फक्त पाण्यापाशी थांबा." हमाल हसले, मीही हसलो. पण एका जागी उभं राहिल्यामुळं मला नीट दिसलं. आईचं कपाट पाठीवर घेऊन थोरला भाऊ जिना उतरला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि खालून धाकटा त्याला पायऱ्या सांगत होता, आकड्यांत नाही, "ही मोठी, ही फुटकी, आता वळ" अशा शब्दांत. काचेची भांडी त्यांनी आमच्याच कपड्यांत बांधली, कारण मुकादमाच्या मते कागद आवाज करतो पण धरत नाही. बायकोचं शिलाई मशीन नेताना सुई काढून त्यानं तिच्या हातात दिली. "ही तुमी ठिवा. ही हरवली तर तुमी मला दहा वर्षं बोलाल." टेम्पोवाला म्हणाला, "बोलतीलच, सुई असो नसो." त्यावर बायको इतकी हसली की तिला दाराला टेकावं लागलं. घर हलवण्याच्या दिवशी आमच्या घरात भांडण झालं नाही, असं ते पहिल्यांदाच.

दुपारी शेवटची खेप राहिली होती. बायको आणि आई जुन्या घरी, हमाल तिकडंच. नव्या घरी मी एकटा, पाण्यापाशी.

सावली सरकली होती. ड्रमांवर आता ऊन पडलं होतं. मागच्या भिंतीपलीकडून एक बाई डोक्यावर रिकामी घागर घेऊन गेली, थांबली, ड्रमांकडे बघितलं आणि गेली. एवढंच. पण त्या उन्हाळ्यात माणसं पाण्याकडे कशी बघत ते मला माहीत होतं. मला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर नुसती भीती नव्हती. सकाळपासून सगळ्यांनी काहीतरी उचललं होतं. आईनंसुद्धा देवांचा डबा मांडीवर धरून ठेवला होता. मीच एक रिकाम्या हातानं उभा होतो. शेजारी हौद होता, चांगला सिमेंटचा, वर लोखंडी झाकण, झाकणाला कडी. पाणी त्यात सुरक्षित राहील, थंड राहील, आणि संध्याकाळी बायको म्हणेल, अरे वा.

जुन्या मालकाची रबरी नळी भिंतीला टांगलेली होती. तोंडानं ओढून मी एकेका ड्रमचं पाणी हौदात सोडलं. हौद अंधारा होता. पाणी पडल्याचा आवाज छान आला. ड्रमांच्या तळाला डहाळ्या उरल्या, त्या काढून मी भिंतीपलीकडं टाकल्या. नळी पुन्हा जागेवर टांगली. झाकण लावलं, कडी घातली आणि समोरच्या ओट्यावर येऊन बसलो. बरं वाटत होतं.

संध्याकाळी शेवटचं सामान आलं. घर माणसांनी भरलं. मोठ्या बाई आमच्यासाठी पोळ्याभाजीचा डबा घेऊन आल्या, त्यांच्याबरोबर गल्लीतल्या दोघीतिघी. नव्या माणसाकडं पहिल्या रात्री चूल पेटू द्यायची नाही, अशी त्यांची पद्धत. मुकादम कपाटाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ते डुलतंय का बघत होता. बायको कळशी घेऊन मागं गेली आणि लगेच परत आली.

"पाणी कुठंय?"

"तिथंच की ताई, मागं," मुकादम म्हणाला.

"ड्रम रिकामे आहेत."

"चेष्टा करायलाव का?"

तो मागं गेला. आम्ही सगळे गेलो. त्यानं एका ड्रमवर बोटाच्या पेरानं वाजवलं. पोकळ आवाज आला. मग दुसऱ्यावर. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो आणि माझं वाक्य तयार होतं. घाबरू नका, मी हौदात सोडलंय. किंचित हसून म्हणायचं, असंसुद्धा ठरलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायको मोठ्या बाईंना म्हणाली,

"हौद फुटलाय म्हणून तर ड्रम भरून आणायची एवढी खटपट केली. नाहीतर हौदातच नसतं का सोडलं?"

वाक्य तोंडात राहिलं.

घराचे जुने मालक औशाला राहायचे. आठ-पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता. हौदाला तडा गेलाय, गिलावा केल्याशिवाय पाणी भरू नका. फोन माझ्याच मोबाइलवर आला होता. मालक फार लांबण लावायचे, म्हणून मी तो न ऐकता बायकोच्या हातात दिला होता.

"वाटेत सांडलं असेल," कोणीतरी म्हणालं. मला वाटतं समजुतीनं म्हणालं.

मुकादमाला ते अपमानासारखं लागलं. "सांडलं? माझ्याकडून? जा, टेम्पो बगून या. कोरडा ठाक हाय. सकाळी सगळ्यांना दाखवलो मी. एक थेंब सांडला न्हाई."

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सांडलं नाही ना? मग गेलं कुठं?"

त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. दिवसभर ज्या गोष्टीची त्यानं गल्लीभर फुशारकी मारली होती तीच आता त्याच्या गळ्यात आली होती. पाणी सांडलं नसेल तर ते कुठंतरी उतरवलं असणार, आणि त्या उन्हाळ्यात पाणी उतरवून घ्यायला घरं तयारच होती. बायकोनं ते उघड विचारलं. "दुपारी मधल्या खेपेला कोणाला दिलंत?"

"ताई, तोंड सांभाळून," थोरला भाऊ म्हणाला. मुकादमानं त्याला हातानं गप्प केलं आणि माझ्याकडं वळला.

"साहेब होते की इथं. दिवसभर इथंच होते. साहेब, तुमच्या म्होरं उतरवलो ना आमी? भरलेले होते का न्हाई, सांगा की ह्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बायकोनं बघितलं, खाटेची वाट बघत खुर्चीत बसलेल्या आईनं बघितलं. नव्या कॉलनीतला माझा पहिला दिवस होता. मी म्हणालो,

"मी आत होतो. माझं लक्ष नव्हतं."

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही, एखाद्या दाराची मापं चुकलीत की काय असं बघावं तसं. मग ड्रममध्ये वाकला.

"बरं. पानी आमी नेलो. मग डहाळ्या कुठं गेल्या? लिंबाच्या डहाळ्या कोन चोरंल?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं.

मला वाटलं आता ते तसेच निघून जातील. गेले असते तर कोणी काही म्हणू शकलं नसतं. तो म्हणाला, "चला रे. मायची खाट ऱ्हायली." ते आत गेले. आईची खोली त्याला दाखवली होती, पण खाट टेकवण्याआधी तो थांबला आणि आईजवळ येऊन विचारलं, "माय, सकाळी कुठल्या अंगानं उठता?" आई म्हणाली, उजव्या. "अन् हात कशाला लावता?" भिंतीला, ती म्हणाली. ठरलेल्या जागी खाट लावली असती तर भिंत तिच्या हातापासून लांब पडली असती. त्यांनी खाट उचलली, खोलीतल्या खोलीत अख्खी फिरवली आणि भिंत तिच्या हाताला येईल अशी लावली. आई पुढं त्या खोलीत सहा वर्षं राहिली. अंधारातही कधी चाचपडली नाही.

जाताना आई म्हणाली, "चहा घेऊन जा रे बाबांनो."

"नको माय," तो म्हणाला. "पानी न्हाई तुमच्या घरात."

सगळे गेल्यावर मी मागं जाऊन झाकण उघडलं. तळाला ओल होती आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेली एक काळी रेघ. जमीन पिऊन मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठ्या बाईंच्या फाटकाशी आला. मी खिडकीतून ऐकत होतो. आवाज चढवूनच बोलत होता, गल्लीला ऐकू जावं म्हणून. बाई म्हणाल्या, "मी तुला चोर म्हणाले नाही."

"म्हनला न्हाईत. पर आता कुना घरी सांगनारबी न्हाईत ना?"

बाईंनी फाटकाची कडी घातली. त्यांचाही इलाज नव्हता. ज्या शब्दावर त्या घरं उघडी टाकायला सांगत, त्या शब्दाला त्यांच्या डोळ्यांदेखत तडा गेला होता. त्यानं फाटकावरचा हात काढला आणि तो गेला. मी खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून आमच्या गल्लीत सामान हलवायला कंपनीची माणसं येतात. एकसारखे शर्ट, खोके, चिकटपट्टी. कामाला वाईट नाहीत. आपण बोट दाखवू तिथं खाट ठेवतात. गेल्या वर्षी समोरच्या सुनेनं गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, गावातले हमाल कोणी ओळखीचे आहेत का? लगेच कोणीतरी लिहिलं, गावातले नकोत, इथं पाण्याची चोरी झाली होती. खाली सगळ्यांचे अंगठे. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं. शेवटी माझाही अंगठा दिला.

आई जाण्याआधी मला एकदा म्हणाली होती, "त्या पोरांनी घेतलं नसेल रे. घेणारा माणूस खाट फिरवत नाही. तुला काय वाटतं?" मी म्हणालो, काय माहीत. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात वाईट वाक्य आहे. अंगणातल्या त्या वाक्यापेक्षाही. तिथं निदान माणसं होती. इथं फक्त ती होती, आणि तिला खरं ऐकायचं होतं.

हे सगळं मी असंच नेलं असतं. पण या उन्हाळ्यात नांदेडला धाकट्या बहिणीनं घर बदललं, मी मदतीला गेलो. तिथलीही जुनीच कॉलनी, आणि हमाल मोंढ्यातले, म्हणजे तिथल्या धान्यबाजारातले. माणसं वेगळी, पण मी दारात उभा राहून बघत होतो आणि सगळं ओळखीचं होतं. दारांची मापं हातांनी घेणं, उंबऱ्यावर पोत्याची घडी, कपाट उतरताना तोच "हल्लू, हल्लू". फ्रिज उतरवताना ते चौघं एकाच वेळी श्वास सोडत होते. मला पुन्हा ते सुंदर वाटलं. सुंदरच म्हणतो, ओझं उचलण्याला हा शब्द वापरायला लोक बिचकतात, पण मला दुसरा सुचत नाही.

एकच गोष्ट नवी होती. वस्तू घरात ठेवली की त्यांचा मुकादम थांबायचा आणि बहिणीच्या नवऱ्याला म्हणायचा, "म्हना, मिळालं." त्यानं मिळालं म्हटल्याशिवाय तो पुढची वस्तू आणायचाच नाही. पाण्याचा कॅन आणला तर झाकण उघडून आत बघायला लावलं. मेहुणा वैतागला.

"काय हो, कोर्ट आहे का हे?"

"कोरटच समजा दाजी," तो म्हणाला. त्या दिवशी सगळेच मेहुण्याला दाजी म्हणत होते. "लातूरला आमच्यातल्या एकावर पान्याची चोरी आली व्हती. घरधनी तिथंच उभा व्हता म्हनं. अन् विचारल्यावर म्हनला, माझं लक्ष न्हवतं. तवापासून आमी बोलून घ्यायलो. वैताग येतो, पर काय करावं? डोळ्यांनी बगितलेलं मानूस विसरतंय, तोंडानं बोललेलं जरा कमी विसरतंय."

मेहुणा हसला. मी गादी घेऊन आत येणाऱ्यांना वाट दिली. थोड्या वेळानं, उगाच विचारल्यासारखं, मी विचारलं, तो माणूस आता काय करतो?

"हाय की. लातूरलाच, आडतीवर. पोती उचलतो. घराचं काम म्हनलं की न्हाई म्हनतो. कितीबी गळ घाला, कुनाच्या उंबऱ्याच्या आत जात न्हाई. आमाला हे सगळं त्यानंच शिकिवलेलं." त्यानं खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि मेहुण्याकडं वळला. "दाजी, गादी. म्हना."

"मिळालं," मेहुणा म्हणाला.

लातूरला परतल्यावर मी दोनदा आडत बाजारापर्यंत गेलो. एकदा तो दिसलाच नाही. दुसऱ्यांदा दिसला. केस पांढरे झालेत, पाठ तीच. पोत्यांच्या थप्पीवर बसून कोणाची तरी टर उडवत होता आणि भोवतीची माणसं हसत होती. बोलता येईल इतक्या जवळ मी होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. मी मोटारसायकल तशीच पुढं नेली.

हे कागदावर उतरवलंय म्हणून माझं काही फिटलं असं मी समजत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाचं मी काही घेतलेलं नाही. ज्यांचं घेतलंय त्यांना हे अजून सांगायचं आहे. आधी बायकोला, कारण चोरीचा शब्द तिच्या तोंडून गेला आणि तो मी जाऊ दिला. मग मोठ्या बाईंना, त्या आता फार थकल्यात, त्यामुळं उशीर करून चालणार नाही. मग गल्लीच्या त्या ग्रुपवर, माझ्या नावानिशी. आणि सगळ्यात शेवटी नाही, खरं तर सगळ्यात आधी, आडत बाजारात जाऊन त्याच्या माणसांदेखत त्याला: की मी तिथंच उभा होतो, माझं लक्ष होतं, आणि पाणी मी हौदात सोडलं. एवढं मी त्याचं देणं लागतो. यातलं आजपर्यंत मी काहीही दिलेलं नाही.